नागपूर ते नॅशव्हिल : अमेरिकेतील नागरी हक्क चळवळ आणि विद्यार्थी

डिसेंबर १९५५ मधील गोष्ट आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात त्या वेळी जेम्स लॉसन नावाचे एक अमेरिकन कृष्णवर्णीय तरुण मेथॉडिस्ट मिशनच्या वतीने काम करीत होते. मुलांना खेळ शिकविणे आणि त्यांच्यात मिसळून राहणे हा त्यांचा दिनक्रम. त्या महिन्यात 'नागपूर टाइम्स'च्या अंकात त्यांनी एक बातमी वाचली. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात तेथील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार पुकारला होता आणि मार्टिन ल्यूथर किंग नावाचा एक तरुण धर्मोपदेशक त्यांचे नेतृत्व करीत होता. ही बातमी वाचून लॉसन आनंदाने अक्षरशः ओरडले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. दुसऱ्या वर्षी ते मायदेशी परतले. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. एकाच शहराच्या इतिहासातील या दोन घटना. एक जगाला ठाऊक आहे. दुसरी, म्हणजे नागपुरातून निघालेल्या त्या तरुणाने पुढे काय केले ही, आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असावी. ती हकिकत येथे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचा इतिहास आपल्याकडे बहुधा एका नावाने सांगितला जातो. किंग यांचे थोरपण आम्ही नाकारीत नाही. परंतु १९६० नंतरच्या चळवळीला जो वेग आला तो महाविद्यालयांतील अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींनी दिला. त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले, शिक्षणावर पाणी सोडले. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही पुतळ्याखाली कोरलेली नाहीत. म्हणून या लेखात आम्ही पुतळ्यांपेक्षा त्या मुलांकडे अधिक लक्ष देणार आहोत.

१. पिढीची जडणघडण

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. तथापि १८९६ च्या प्लेसी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले आणि दक्षिणेतील राज्यांत वर्णविभक्तीला कायद्याचे कवच मिळाले. शाळा, आगगाड्या, बस, पाण्याचे नळ, प्रतीक्षालये, शौचालये, सर्व काही वेगळे झाले. 'वेगळे' हा शब्द तंतोतंत पाळला गेला. 'समान' हा शब्द कागदावरच राहिला. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात त्याच न्यायालयाने शाळांतील विभक्ती घटनाबाह्य ठरविली. या निकालाने कृष्णवर्णीय मुलांच्या मनात मोठी आशा निर्माण केली. पण वर्षे गेली आणि त्यांची शाळा होती तशीच राहिली.

ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला. एका गोऱ्या स्त्रीशी उद्धटपणे वागल्याचा त्याच्यावर आरोप होता. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली आणि छिन्नविच्छिन्न चेहऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. आरोपी निर्दोष सुटले. १९६० मध्ये जे विद्यार्थी रस्त्यावर आले ते या एमेट टिलचेच समवयस्क होते. ते छायाचित्र त्यांनी किशोरवयात पाहिले होते. त्यांच्या आईबापांनी सावध राहण्याचा उपदेश केला. सावध राहून काय मिळते हे मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

२. तळघरातील वर्ग

लॉसन यांचा जन्म १९२८ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातील. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल त्यांनी वर्षभराहून अधिक तुरुंगवास भोगला होता. १९५३ मध्ये ते नागपुरास आले. येथील वास्तव्यात त्यांनी गांधींच्या सत्याग्रहतंत्राचा अभ्यास केला, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. गांधींशी बाबासाहेबांचा असलेला तात्त्विक विरोध आपल्या वाचकांना सांगावयास नको. परंतु इतिहास लिहिताना जे घडले ते घडले असेच लिहिले पाहिजे. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवावे की, अन्यायाला शस्त्राविना सामोरे जाण्याचे साधन कोणा एकाच्या मालकीचे नसते. सत्याग्रह हाच शब्द घेऊन महाडचा आणि काळाराम मंदिराचा लढा अस्पृश्यांनी लढविला होता, आणि तो कोणाच्या कृपेची वाट न पाहता लढविला होता.

फेब्रुवारी १९५७ मध्ये लॉसन यांची किंग यांच्याशी भेट झाली. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. शिक्षण पुरे करून दक्षिणेत येण्याचा विचार लॉसन यांनी बोलून दाखविताच, थांबू नका, आताच या, असे किंग यांनी त्यांना सांगितले. लॉसन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे गेले आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात त्यांनी प्रवेश घेतला.

नॅशव्हिल हे विद्येचे केंद्र होते. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले फिस्क विद्यापीठ, टेनेसी राज्य विद्यापीठ, मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकन बॅप्टिस्ट धर्मशास्त्र विद्यालय अशा चार संस्था तेथे होत्या. थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस हे फिस्कचेच पदवीधर. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली आणि अस्पृश्यांची व निग्रोंची स्थिती किती सारखी आहे हे नमूद केले, तेच हे दु बॉइस.

फिस्कजवळच्या क्लार्क मेमोरियल चर्चच्या तळघरात लॉसन यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. १९५९ च्या शरदऋतूत हे वर्ग दर मंगळवारी संध्याकाळी नियमाने भरू लागले. शिकागोहून आलेली फिस्कची विद्यार्थिनी डायन नॅश, अलाबामातील खंडकरी शेतकऱ्याचा मुलगा जॉन लुईस, त्याचे सहाध्यायी बर्नार्ड लाफाएट व जेम्स बेव्हेल, रसायनशास्त्राचा विद्यार्थी मॅरियन बॅरी ही या वर्गातील काही नावे. डायन नॅश उत्तरेत वाढलेली. दक्षिणेत आल्यावर 'गोऱ्यांसाठी' आणि 'कृष्णवर्णीयांसाठी' अशा पाट्या तिने प्रथमच पाहिल्या आणि त्या अपमानाने ती या वर्गाकडे वळली. प्रारंभी अहिंसेचा मार्ग चालेल असे तिला वाटत नव्हते. दुसरे काही हाती नव्हते, म्हणून ती येत राहिली.

या वर्गात व्याख्याने होत, पण खरा भर सरावावर असे. काही विद्यार्थी काउंटरवर बसलेल्यांची भूमिका करीत. उरलेले हल्लेखोर होत. ते शिव्या देत, खुर्ची ओढून खाली पाडीत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडीत. ज्याला राग आवरत नसे त्याला थांबवून त्याच्याशी बोलणे होई. खाली पडल्यावर डोके आणि पोट कसे झाकावे, शेजारच्याला मार बसत असता आपण पुढे होऊन तो मार कसा वाटून घ्यावा, हेही शिकविले जाई. ज्यांना संयम जमणार नाही असे वाटे त्यांनी काउंटरवर न जाता दुसरी कामे करावीत असे ठरले. हा मुद्दा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. संयम हा कोणाचा जन्मजात गुण नव्हे. तो अभ्यासाने येतो, आणि अभ्यास हा सामुदायिक असावा लागतो. ज्या शांत चेहऱ्यांची छायाचित्रे पुढे जगभर गेली, त्या शांततेमागे कित्येक महिन्यांची तालीम होती.

लढ्यासाठी दुकानांतील लंच काउंटर का निवडले, हेही समजून घेतले पाहिजे. शहराच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय ग्राहकांना कापड, वह्या, साबण सर्व काही विकत मिळे. दुकानदार त्यांचे पैसे आनंदाने घेई. मात्र त्याच दुकानातील खाण्याच्या काउंटरवर त्यांना बसता येत नसे. खरेदीला आलेल्या आईला थकलेल्या मुलाला घेऊन टेकण्याची सोय नव्हती. व्यवहारात पैसा चालतो आणि पंक्तीला माणूस चालत नाही, ही विसंगती आपल्या वाचकांना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

३. काउंटरवर

नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९ मध्ये नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी दोन दुकानांत जाऊन चाचपणी केली. नकार मिळताच व्यवस्थापकांशी सभ्यपणे बोलून ते परतले. मोठ्या कृतीची तयारी चालू असतानाच १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे ठिणगी पडली. एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅककेन आणि जोसेफ मॅकनील हे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे चार विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी वीसहून अधिक जण आले आणि आठवड्याच्या आत ही संख्या शेकड्यांवर गेली. बघता बघता दक्षिणेतील गावोगावी विद्यार्थी काउंटरवर बसू लागले. पुढील दीड वर्षात सुमारे ७० हजार लोकांनी अशा कृतींत भाग घेतला आणि तीन हजारांवर अटका झाल्या, असा अंदाज आहे.

नॅशव्हिलमध्ये १३ फेब्रुवारी रोजी १२४ विद्यार्थी शांतपणे तीन दुकानांत जाऊन बसले. अंगावर स्वच्छ कपडे आणि हाती अभ्यासाची पुस्तके. २७ फेब्रुवारीला प्रसंग गंभीर झाला. गोऱ्या तरुणांचा जमाव दुकानांत शिरला. विद्यार्थ्यांना खुर्च्यांवरून ओढून मारहाण झाली, त्यांच्या अंगावर जळत्या सिगारेटी विझविण्यात आल्या. कोणीही उलट हात उचलला नाही. पोलीस आले ते उशिरा, आणि त्यांनी पकडले ते मार खाणाऱ्यांना. एक तुकडी पकडून नेली की दुसरी तुकडी येऊन त्याच खुर्च्यांवर बसे. त्या दिवशी सुमारे ८० विद्यार्थ्यांना अटक झाली.

जॉन लुईसची ही पहिली अटक. कायदा मोडणारी माणसे तुरुंगात जातात आणि तुरुंग म्हणजे घराण्याला डाग, ही शिकवण घेऊन तो वाढला होता. त्याच्या आईला ही अटक लाजिरवाणी वाटली. तरीही त्या दिवशी आपल्याला प्रथमच मोकळे वाटले, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. न्यायालयात वकील झेड. अलेक्झांडर लूबी विद्यार्थ्यांची बाजू मांडीत असता न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. दंड झाला ५० डॉलरचा. तो भरण्याइतके पैसे समाजाने जमविले होते. परंतु दंड भरणे म्हणजे अन्यायी व्यवस्थेला साहाय्य करणे होय, असे सांगून डायन नॅश व तिच्या सहकाऱ्यांनी तुरुंगवास पत्करला.

मार्चच्या आरंभी व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले. पदवी हाताशी आली असताना हा प्रसंग आला. त्यांच्या बाजूने धर्मशास्त्र विभागातील अनेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले, हे त्या गोऱ्या प्राध्यापकांच्या बाबतीत नमूद केलेच पाहिजे.

याच सुमारास शहरातील कृष्णवर्णीय समाजाने मध्यवर्ती दुकानांतील खरेदीवर बहिष्कार घातला. ईस्टरचा सण म्हणजे नव्या कपड्यांचा सण. त्या वर्षी दुकाने ओस पडली. घरच्या स्त्रियांनी चालविलेल्या या बहिष्काराचा उल्लेख इतिहासात एखाद्या ओळीत होतो. वास्तविक काउंटरवरील मुलांइतकाच दुकानदारांच्या निर्णयाला कारण झाला तो हा बहिष्कार.

४. १९ एप्रिल १९६०

१९ एप्रिलच्या पहाटे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. लूबी पतिपत्नी बचावली. स्फोट इतका जबर होता की समोरच्या मेहॅरी महाविद्यालयाच्या शंभराहून अधिक खिडक्यांच्या काचा फुटल्या. त्याच दिवशी हजारो माणसे नगरभवनाकडे निघाली. घोषणा नाहीत, गाणी नाहीत, केवळ पावलांचा आवाज. पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट सामोरे आले. सी. टी. व्हिव्हियन या धर्मोपदेशकाने निवेदन वाचले आणि महापौरांशी त्यांची शब्दाला शब्द अशी वादावादी झाली.

तेव्हा डायन नॅश पुढे झाली. वय बावीसच्याही आत. तिने राजकारणाचा प्रश्न विचारला नाही. केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणे हे चूक आहे असे आपणास एक माणूस म्हणून वाटते का, असा तिच्या प्रश्नाचा आशय होता. महापौरांनी ते चूक असल्याचे मान्य केले. काउंटर सर्वांसाठी खुले व्हावेत का, यालाही त्यांनी होकार दिला. तीन आठवड्यांनी, १० मे रोजी, शहरातील सहा दुकानांत कृष्णवर्णीय ग्राहकांना काउंटरवर प्रथमच जेवण वाढले गेले. ही काही पूर्ण समता नव्हती. उपाहारगृहे, चित्रपटगृहे, पोहण्याचे तलाव यांसाठी पुढे आणखी लढावे लागले. पण प्रश्न कसा विचारावा हे त्या मुलीने दाखवून दिले. बचावाच्या आड उभ्या असलेल्या अधिकाऱ्यातील माणसाला तिने बाहेर बोलाविले. आणि तो बाहेर यावा म्हणून आधी किती दिवस तुरुंग, मार आणि बहिष्कार सोसावा लागला, हेही विसरता कामा नये. नुसत्या प्रश्नाने महापौर हलले नसते.

५. शॉ विद्यापीठातील परिषद

त्या एप्रिलमध्येच, ईस्टरच्या सुटीत, नॉर्थ कॅरोलायनातील शॉ विद्यापीठात लढणाऱ्या विद्यार्थ्यांची परिषद भरली. ती बोलाविली एला बेकर यांनी. त्या वेळी त्या किंग यांच्या संघटनेच्या कार्यालयाचे काम पाहत होत्या. वय छप्पन्न, आणि संघटनेच्या कामाचा अनुभव पंचवीसहून अधिक वर्षांचा. विद्यार्थ्यांनी किंग यांच्या संघटनेची शाखा व्हावे असे काही ज्येष्ठांना वाटत होते. एला बेकर यांनी त्याला विरोध केला. मुलांनी आपले निर्णय आपणच घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. ज्या चळवळीतील माणसे समर्थ असतात तिला समर्थ पुढाऱ्याची गरज भासत नाही, हा त्यांच्या विचारांचा गाभा. या परिषदेतून 'स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी' ही संघटना उभी राहिली. मॅरियन बॅरी तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि तिच्या उद्देशपत्राचा मसुदा लॉसन यांनी लिहिला.

याच परिषदेत लॉसन यांनी जुन्या संघटनांवर कडक टीका केली. न्यायालयीन लढ्यावरच विसंबून राहिल्याने सामान्य माणूस निष्क्रिय राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. जुन्या कार्यकर्त्यांना ही टीका झोंबली, आणि ते स्वाभाविकच होते. दहा-दहा वर्षे खटले चालवून, जीव धोक्यात घालून त्यांनी ब्राउनचा निकाल मिळविला होता. यांत चूक कोण आणि बरोबर कोण? पुढच्या वर्षीच्या घटनांनी याचे उत्तर दिले आहे.

६. कागदावरील निकाल आणि रस्त्यावरील बस

आंतरराज्य प्रवासात बसगाड्यांतील विभक्ती बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्येच म्हटले होते. डिसेंबर १९६० मध्ये बॉइंटन खटल्यात हाच न्याय बसस्थानकांतील प्रतीक्षालये व उपाहारगृहे यांनाही लावण्यात आला. दक्षिणेत या निकालांची कोणी दखल घेतली नाही. पाट्या जागच्या जागी राहिल्या. तेव्हा 'काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी' या संघटनेने ठरविले की, निकाल कागदावर आहे, तो आता बसमध्ये बसून तपासावयाचा. ४ मे १९६१ रोजी कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय मिळून तेरा जण वॉशिंग्टनहून निघाले. जॉन लुईस त्यांत होता. १४ मे रोजी अलाबामातील ॲनिस्टन येथे जमावाने एक बस जाळली. दुसऱ्या बसमधील प्रवाशांना बर्मिंगहॅममध्ये लोखंडी नळ्यांनी मारण्यात आले. संयोजकांनी यात्रा तेथेच थांबविण्याचे ठरविले.

नॅशव्हिलमध्ये डायन नॅश आणि तिच्या सहकाऱ्यांनी निराळा विचार केला. हिंसेपुढे यात्रा थांबली तर यापुढे प्रत्येक लढा हिंसेने थांबविता येतो असाच धडा विरोधक घेतील, असे त्यांचे मत पडले. १७ मे रोजी दहा जणांची तुकडी नॅशव्हिलहून बर्मिंगहॅमला निघाली. सरकारच्या वतीने एका अधिकाऱ्याने डायन नॅशला दूरध्वनी केला आणि कोणाचा तरी जीव जाईल असे बजावले. आदल्या रात्रीच सर्वांनी मृत्युपत्रे लिहून ठेवली आहेत, असे तिने त्याला सांगितले. या तुकडीला बर्मिंगहॅममध्ये अटक झाली. मध्यरात्री पोलिसांनी त्यांना राज्याच्या सीमेवर नेऊन सोडून दिले. ते मोटारीने परत बर्मिंगहॅमला आले! २० मे रोजी माँटगोमेरीच्या बसस्थानकावर जमावाने त्यांना रक्तबंबाळ केले. लुईस बेशुद्ध पडला. त्यानंतर मिसिसिपीतील जॅक्सन येथे बसमागून बस येऊ लागली आणि उन्हाळा संपेपर्यंत तीनशेहून अधिक यात्रेकरू तुरुंगात गेले. पार्चमनच्या कुप्रसिद्ध तुरुंगात ते गाणी म्हणत म्हणून त्यांच्या गाद्या काढून घेतल्या गेल्या. गाणी थांबली नाहीत. टेनेसी राज्य विद्यापीठाने यात्रेत गेलेल्या आपल्या १४ विद्यार्थ्यांना काढून टाकले. २००८ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. मधली ४७ वर्षे त्यांना कोण परत देणार?

सप्टेंबर १९६१ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाने आदेश काढला आणि १ नोव्हेंबरपासून बसस्थानकांवरील पाट्या उतरू लागल्या.

येथे महाडचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. तीन वर्षे ते कागदावरच खुले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे प्रत्यक्ष तळ्यावर गेली तेव्हा त्या ठरावाचा कस लागला. त्यानंतर खटला चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. महाड आणि माँटगोमेरी यांच्यात काळाचे व भूमीचे मोठे अंतर आहे, आणि एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे आम्ही म्हणत नाही. परंतु क्रम तोच दिसतो : कागदावरील अधिकार, त्या अधिकाराची देहाने केलेली परीक्षा, आणि मग अधिकाराला येणारे बळ. निकाल नसता तर बस अडविणारे कायद्याचे रक्षक ठरले असते. बस नसती तर निकाल ग्रंथालयात पडून राहिला असता. लॉसन आणि त्यांचे टीकाकार, दोघांच्याही म्हणण्यात अर्धे अर्धे सत्य होते.

७. मिसिसिपी आणि फूट

यानंतर विद्यार्थ्यांचे एक पथक खेड्यांत गेले. मतदार नोंदणी हे त्यांचे काम. मिसिसिपीत नोंदणीसाठी राज्यघटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ लिहून दाखवावा लागे आणि तो बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवी. बॉब मोझेस हे न्यूयॉर्कमधील गणिताचे शिक्षक १९६१ मध्ये मॅककोम्ब भागात काम करू लागले. त्यांना साहाय्य करणारे शेतकरी हर्बर्ट ली यांचा त्याच सप्टेंबरमध्ये भरदिवसा गोळी घालून खून झाला. फॅनी लू हॅमर या मळ्यावर राबणाऱ्या स्त्रीने १९६२ मध्ये नोंदणीचा प्रयत्न केला आणि त्याच दिवशी तिला मळ्यावरील घर सोडावे लागले. पुढे ती या चळवळीची सर्वांत प्रभावी वक्ती झाली. शिकलेल्या मुलांनी खेड्यांत जाऊन शिकविले खरे, पण खेड्यांनीही त्यांना शिकविले. पुस्तकी धैर्य आणि रोजच्या भाकरीवर पाणी सोडणारे धैर्य यांतील अंतर त्यांना तेथे कळले.

१९६४ च्या उन्हाळ्यात सुमारे एक हजार स्वयंसेवक, बहुसंख्य गोरे विद्यार्थी, मिसिसिपीत आले. चाळीसहून अधिक 'स्वातंत्र्य शाळा' उघडल्या गेल्या. २१ जून रोजी जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन व मायकेल श्वर्नर हे तीन कार्यकर्ते नाहीसे झाले. ४ ऑगस्टला त्यांची प्रेते मातीच्या बांधाखाली सापडली. त्यांतील दोघे गोरे होते म्हणून सारे राष्ट्र हळहळले. हर्बर्ट ली यांच्यासाठी ते हळहळले नव्हते. हा भेद कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांच्या मनाला लागून राहिला. त्याच ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात हॅमर यांच्या प्रतिनिधी मंडळाला केवळ दोन जागा देऊ केल्या गेल्या. मंडळाने त्या नाकारल्या.

१९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा ही या लढ्याची मोठी फळे होत. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथील पुलावर जॉन लुईस यांच्या डोक्यावर बसलेली लाठी आणि दुसरा कायदा यांचा संबंध सरळ आहे. पण याच काळात संघटनेत फूट वाढली. गोऱ्या सहकाऱ्यांचे स्थान काय, अहिंसा हे जीवनतत्त्व की केवळ डावपेच, यांवर वाद झाले. १९६६ मध्ये लुईस यांच्या जागी स्टोकली कारमायकेल अध्यक्ष झाले आणि 'ब्लॅक पॉवर' ही घोषणा गाजली. दशक संपता संपता संघटना विस्कळीत झाली. नवे कार्यकर्ते भरभर येत गेले, पण तळघरातील ते मंगळवारचे वर्ग त्यांच्या वाट्याला आले नाहीत. आमच्या मते विघटनाचे हेही एक कारण आहे, ज्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अर्थात सोसण्याला मर्यादा असते, हेही खरे. पाच वर्षे मार खाऊन थकलेल्या तरुणांना दूर बसून दोष देणे योग्य नव्हे.

या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी अलाबामातील लाउंड्स परगण्यात स्थानिक लोकांचा जो स्वतंत्र पक्ष उभारण्यास साहाय्य केले, त्याची निशाणी काळा चित्ता ही होती. तीच निशाणी १९६६ मध्ये ओकलंड येथील तरुणांनी आपल्या पक्षासाठी घेतली आणि तेच नाव १९७२ मध्ये मुंबईच्या दलित तरुणांनी 'दलित पँथर' म्हणून आपलेसे केले. नागपुरातून एक धागा अमेरिकेत गेला होता. दुसरा धागा अमेरिकेतून मुंबईस आला.

८. समारोप

लॉसन यांना काढून टाकणाऱ्या व्हँडरबिल्टने पुढे त्यांना प्राध्यापक म्हणून बोलाविले आणि आज तेथे त्यांच्या नावाची अभ्याससंस्था आहे. ९ जून २०२४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, लॉसन यांचे निधन झाले. लुईस आणि व्हिव्हियन १७ जुलै २०२० या एकाच दिवशी गेले. ज्या पायऱ्यांवर डायन नॅशने महापौरांना प्रश्न विचारला त्यांसमोरील चौकाला आज तिचे नाव आहे. नॅशव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयात एक दालन आहे. तेथे काउंटरसारखे गोल मेज असून त्यावर विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी केलेले आचारनियम कोरले आहेत : उलट मारू नये, शिवी देऊ नये, नेत्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नये, सरळ बसावे, अशा आशयाचे. पूर्वी जेथे बसू दिले जात नव्हते तसल्या काउंटरवर बसून आता शाळकरी मुले हे नियम वाचतात.

हे दालन उभे राहिले कारण कोणीतरी तो कागद जपून ठेवला होता आणि कोणीतरी वृद्ध झालेल्या त्या विद्यार्थ्यांना बसवून त्यांच्या आठवणी नोंदवून घेतल्या. आपल्याकडे काय स्थिती आहे? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत जे विद्यार्थी लढले, तुरुंगात गेले, ज्यांची वर्षे वाया गेली, ते आज सत्तरीकडे झुकले आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाजवळ एखादे पत्रक, एखादे छायाचित्र, एखादी तुरुंगातून लिहिलेली चिठ्ठी असेल. ती वाळवीच्या हाती जाण्यापूर्वी विहाराच्या ग्रंथालयात यावी, आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून उतरवून घेतल्या जाव्यात. या कामासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक वही, एक लिहिणारा आणि ऐकून घेण्याची तयारी, एवढे पुरे आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ त्यासाठी नेमावी. नॅशव्हिलच्या मुलांनी मंगळवार नेमला होता.